"सर, लाइनवर राहा": टेक सपोर्टच्या नावाने होणारी फसवणूक, ओळखण्यापासून निस्तरण्यापर्यंत

साताऱ्याच्या मामांचा प्रिंटर ऑफलाइन दाखवत होता. एवढंच. रिटायर्ड माणूस, सोसायटीची एक नोटीस छापायची होती, मला फोन केला तर मी मीटिंगमध्ये, मग त्यांनी स्वतःच गुगलवर प्रिंटर कंपनीचं नाव टाकून पुढे कस्टमर केअर नंबर असं लिहिलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला. पलीकडून अतिशय गोड बोलणारी मुलगी, सर सर करत, पाच मिनिटांत मामांनी कॉम्प्युटरवर रिमोटचं ॲप टाकलं (म्हणजे दूर बसलेल्या माणसाला आपली स्क्रीन बघू देणारं आणि कॉम्प्युटर चालवू देणारं), कोड वाचून दाखवला, पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरमध्ये 'चारशे एरर' सापडले आणि पाऊण तासात खात्यातून अठ्ठ्याण्णव हजार गेले. पैसे गेले हे एक झालंच, पण मामांनी लाजेपायी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही, मामीलासुद्धा नाही, आणि खरं नुकसान तिथे झालं. का ते पुढे येईलच.

या प्रकरणानंतर मी यात बराच डोकं घालून बसलो. घरोघरी एकतरी माझ्यासारखा 'बघ रे जरा कॉम्प्युटरला काय झालंय' वाला असतो, हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी, म्हणजे त्याने वाचावा आणि मग घरच्यांना आपल्या शब्दांत सांगावं.

पहिली गोष्ट: फोन कोणी लावला याने काही ठरत नाही

आपण सगळ्यांना शिकवून ठेवलंय की अनोळखी फोन आला तर माहिती द्यायची नाही. मामांना हे पाठ होतं. पण त्यांना फोन आलाच नव्हता, त्यांनी स्वतः लावला होता, म्हणून त्यांना शंकाच आली नाही. सध्या हे तीन दारांनी येतं. एक, सरळ फोन येतो की मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय. दोन, ब्राउझरमध्ये अचानक फुलस्क्रीन लाल-निळी खिडकी येते, सायरन वाजतो, कॉम्प्युटर लॉक झालाय म्हणे, या नंबरवर फोन करा. आणि तीन, आपणच सर्चमधून खोटा नंबर उचलतो. तिसरं सगळ्यात वाईट, कारण तिथे आपणच मदत मागायला गेलेलो असतो.

सर्चमध्ये वर येणारा रिझल्ट अनेकदा जाहिरात असते, तिथे बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं आणि ती पैसे देऊन कोणीही लावू शकतो. गुगल मॅपवरचा फोन नंबरसुद्धा बदलायला कोणीही सुचवू शकतो. त्यामुळे नंबर घ्यायचा तर वॉरंटी कार्डवरून, बिलावरून, बँकेचा असेल तर डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून, नाहीतर कंपनीच्या ॲपमधून. 'टोल-फ्री आहे म्हणजे खरा' हे चुकीचं, ते नंबरही मिळवता येतात. ट्रूकॉलरवर कंपनीचं नाव आणि लोगो दिसला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. उलट कस्टमर केअर म्हणून साधा दहा आकडी मोबाइल नंबर दिसला तर तिथेच थांबा. बँकांनी ग्राहकांना व्यवहाराबद्दल फोन करायचे ते १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये दिली आहे, हे लक्षात ठेवायला बरं आहे.

आणि मायक्रोसॉफ्टचं म्हणाल तर त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो आणि ते आपणहून कोणाला फोन करून कॉम्प्युटर दुरुस्त करत नाहीत. म्हणजे स्क्रीनवर वॉर्निंग आणि तिच्यात फोन नंबर, हे दोन्ही एकत्र दिसलं की प्रश्न मिटला, खोटं आहे.

आत घुसल्यावर ते काय दाखवतात

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण एकदा जादूगाराची ट्रिक कळली की माणूस परत फसत नाही. मामांना मी हे सगळं नंतर त्यांच्याच कॉम्प्युटरवर करून दाखवलं तेव्हा ते आधी गप्प बसले आणि मग खूप चिडले, जे मला चांगलं लक्षण वाटलं.

सुरुवात ठरलेली. "सर, कीबोर्डपर कंट्रोल के बाजू में खिडकी जैसा बटन दिख रहा है? उसको आर के साथ दबाइए." मग इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात. ही विंडोजची रोजनिशी आहे, कॉम्प्युटरमध्ये जे काही बारीकसारीक घडतं ते तिथे लिहिलं जातं, आणि अगदी नव्या कोऱ्या धडधाकट मशीनमध्येही तिथे लाल-पिवळ्या खुणांचे एरर आणि वॉर्निंग असतातच, शेकड्याने असतात. त्यांचा व्हायरसशी काही संबंध नाही. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा ती यादी पाहिली त्याला घाम फुटणारच.

दुसरी ट्रिक काळ्या खिडकीची, म्हणजे कमांड प्रॉम्प्टची. तिथे नेटस्टॅट टाइप करतात आणि एक तक्ता येतो, त्यातल्या एका कॉलमचं नाव 'फॉरेन ॲड्रेस'. "देखिए सर, फॉरेन से कोई आपके कंप्यूटर में कनेक्टेड है." इथे फॉरेनचा अर्थ परदेश नाही हो, आपल्या मशीनबाहेरचा कुठलाही पत्ता एवढाच. तुम्ही यूट्यूब उघडलंत तरी तिथे ओळी दिसतील. तिसरी म्हणजे असॉक नावाची कमांड, तिच्या यादीत शेवटी एक लांबलचक आकडा येतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा, आणि फोनवरचा माणूस तो आधीच वाचून दाखवतो की हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास लायसन्स आयडी, आमच्याकडे रेकॉर्ड आहे, जुळवून बघा. जुळतो! जुळणारच, तो सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर सारखाच असतो. ट्री कमांड टाकून फायलींची नावं भराभर पळवतात आणि त्याला स्कॅन म्हणतात, आणि ती पळत असताना मागून स्वतःच 'व्हायरस फाउंड' टाइप करतात, थांबल्यावर तेच शेवटी दिसतं.

मग मुद्द्यावर येतात. लायसन्स संपलंय, सिक्युरिटी प्लॅन घ्या, एका वर्षाचे ४,९९९. मामांनी नेट बँकिंग उघडलं, समोरचा स्क्रीन बघत होताच. मग स्क्रीन काळी झाली, "अपडेट चालू आहे सर, लाइनवर राहा, माउसला हात लावू नका." रिमोटच्या ॲपमध्ये समोरच्याची स्क्रीन काळी करायची सोय खरोखरच असते. त्या अंधारात दोन वेळा ४९,००० निघाले आणि फोनवर आलेला ओटीपी मामांनी 'व्हेरिफिकेशनसाठी' वाचून दाखवला.

आणखी एक प्रकार रिफंडचा. तुमचे पाचशे परत करायचेत म्हणतात, आणि मग "अरे सर, चुकून पन्नास हजार गेले, माझी नोकरी जाईल, बाकीचे परत पाठवा." खात्यात पन्नास हजार दिसतातही. दिसतात कारण ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा मजकूर राइट क्लिक करून तात्पुरता बदलता येतो, किंवा तुमच्याच एफडीतले, सेव्हिंगमधले पैसे इकडून तिकडे फिरवलेले असतात. पान रिफ्रेश करा, आणि दुसऱ्या फोनवरून एफडीसकट सगळ्या खात्यांचे बॅलन्स बघा, लगेच कळतं.

फोनवर रिमोट ॲप म्हणजे एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट वगैरे. ही ॲप खोटी नाहीत, ऑफिसात रोज वापरतात, पण अनोळखी माणसाला कोड देणं म्हणजे त्याला आपल्या शेजारी बसवून सगळं उघडं करणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केलं होतं. आता तर ॲपचीही गरज उरली नाही, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर आहे. काही बँकांची ॲप स्क्रीन शेअर चालू असताना काळी दिसतात, पण ओटीपीचा मेसेज वरून सरकतो तो दिसतोच. आणि व्हॉट्सॲपवर 'सपोर्ट' नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) आली तर ती तर अजिबातच टाकू नका, असली ॲप मेसेज वाचायची परमिशन घेऊन ओटीपी परस्पर पुढे पाठवतात, तुम्हाला वाचून दाखवावाही लागत नाही.

म्हणून माझा घरचा नियम एकच आहे: फोनवरच्या माणसाने स्क्रीन मागितली, कोड मागितला किंवा ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवायचा. सॉरी म्हणायचं नाही, कारण सांगायचं नाही, ठेवायचा. कंपनी खरी असली तरी काही बिघडत नाही, आपण वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर परत लावू. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, आणि "लाइनवर राहा" हे त्या सभ्यतेवरच चालतं. मामा म्हणाले, ती इतकं चांगलं बोलत होती, मध्येच कसा ठेवणार?

सायरनवाली खिडकी बंद कशी करायची

घाबरून जाऊन पॉवर बटण दाबायच्या आधी हे करून बघा. एस्केप बटण दोनतीन सेकंद दाबून धरा, फुलस्क्रीन जाते. मग ऑल्ट आणि एफ४. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, एंड टास्क. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. काहीच होत नसेल तर मग पॉवर बटण दाबून धरून बंद करा, काही जळत नाही. परत चालू केल्यावर ब्राउझर विचारतो की आधीची पानं परत उघडू का, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर तीच खिडकी परत आली की वाटतं खरंच व्हायरस आहे.

खिडकी गेली तरी कोपऱ्यात 'तुमचा पीसी धोक्यात' अशी नोटिफिकेशन येत राहिली तर कधीतरी कुठल्यातरी साइटला 'अलाउ' दाबलं गेलंय. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी साइट काढून टाका. माझ्या अनुभवात निम्म्या लोकांचा 'व्हायरस' इथेच संपतो.

फक्त खिडकी दिसली, तुम्ही फोन केला नाही, काही डाउनलोड केलं नाही, तर बास, काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

स्क्रीन दिली गेली असेल तर

इथे मात्र क्रम महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका उलटा करतात, आधी अँटिव्हायरस शोधत बसतात.

आधी इंटरनेट तोडा. कॉम्प्युटर असेल तर राउटरचं बटणच बंद करा किंवा वायर काढा, मोबाइल असेल तर एरोप्लेन मोड. त्यांचा हात तिथेच सुटतो. फोन चालू असेल तर ठेवा, ते लगेच परत करतील, दहा वेळा करतील, धमक्यासुद्धा देतील, उचलू नका.

मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय तिन्ही ब्लॉक करा. फक्त कार्ड ब्लॉक करून लोक निवांत होतात, आणि नेट बँकिंग उघडंच राहतं. पैसे गेले असोत वा नसोत, हे करायचंच.

त्यानंतर पासवर्ड, तेही दुसऱ्या डिव्हाइसवरून. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. जीमेलच्या सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हाइसेस' मध्ये जाऊन अनोळखी काही असेल तर साइन आउट करा, आणि मेल भलतीकडे फॉरवर्ड होतोय का तेही बघा. मग बँक, मग यूपीआय पिन. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग चालू करून ठेवलेलं नाही ना तेही तपासा, ओटीपी कॉलवरही येतो.

मग मशीनची साफसफाई. मोबाइलमधून रिमोट ॲप आणि ती एपीके काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन ॲप्स या दोन ठिकाणी तिला परमिशन असेल, ती आधी बंद करा, मग निघते. माझं मत विचाराल तर एपीके टाकली गेली असेल तर फोटो कॉपी करून सरळ फॅक्टरी रीसेट मारा. कॉम्प्युटरमध्ये रिमोट ॲप नुसतं बंद करून चालत नाही, अनइन्स्टॉल करा, कारण त्यात पासवर्ड सेट करून ठेवला असेल तर तुम्ही हो म्हणण्याची गरज न पडता ते परत आत येऊ शकतात. विंडोज सिक्युरिटीत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा, पंधराएक मिनिटं लागतात. आणि ज्या मशीनवर अर्धाएक तास परका माणूस बसला होता त्यावर मी तरी फॉरमॅट केल्याशिवाय बँकिंग करणार नाही.

पैसे गेले असतील तर

१९३०. हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, घरातल्या सगळ्यांच्या. केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. इथे घाई का करायची ते समजून घ्या: तुमचे पैसे थेट चोराच्या खिशात जात नाहीत, आधी कोणाच्यातरी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, तिथून चारपाच खात्यांत वाटले जातात, आणि मग एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत जातात. १९३० वर तक्रार गेली की पुढच्या बँकांना सूचना जाते आणि वाटेत जिथे पैसे अडकलेले असतील तिथे ते गोठवता येतात. निघून गेलेले गोठवता येत नाहीत. मामांनी तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा अठ्ठ्याण्णवपैकी फक्त नऊ हजार कुठल्यातरी खात्यात सापडले. असे गोठवलेले पैसेही लगेच हातात येत नाहीत.

फोन करताना जवळ ठेवायचं ते म्हणजे कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, व्यवहाराचा नंबर (यूपीआयचा बारा आकडी असतो, मेसेजमध्ये मिळतो) आणि समोरच्याचा फोन नंबर. लाइन लागत नसेल तर लावत राहा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरायला घ्यावी. स्क्रीनशॉट, कॉल हिस्टरी, चॅट काहीच डिलीट करू नका. राग आला म्हणून मामांनी तो नंबरच उडवून टाकला होता, मग बिलातून शोधावा लागला. जवळच्या पोलिस स्टेशनला किंवा सायबर सेललाही लेखी द्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६डी म्हणजे कॉम्प्युटर किंवा फोन वापरून तोतयेगिरी करून फसवणूक, ते इथे लागतं.

बँकेला फोन केलात तरी लेखी ईमेल पाठवा आणि तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या सर्क्युलरने घालून दिलेला नियम असा: चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तक्रारींसाठीच्या त्यांच्या सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवा.

आणि एक, याची वाट बघाच: काही आठवड्यांनी फोन येईल की आम्ही सायबर सेलमधून किंवा रिकव्हरी एजन्सीतून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. मामांना आला, पण या वेळी त्यांनी ठेवला.

बाहेरदेशी असलेल्यांसाठी थोडं

अमेरिकेत मुलामुलींकडे सहा महिने गेलेले आईवडील किंवा तिथेच राहणारे लोक यात वेगळ्या पद्धतीने सापडतात, तिथे पैसे गिफ्ट कार्डाने मागतात, कार्डाच्या मागचा नंबर खरवडून वाचायला लावतात. कुठलीच खरी कंपनी गिफ्ट कार्डात फी घेत नाही. कार्ड आणि पावती फेकू नका, कार्ड कंपनीला लगेच फोन करा आणि एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाका. आपला भारतीय उच्चार ऐकून 'आपलाच माणूस' वाटतो, तर हेही माहीत असू द्या की ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले होते ते अमेरिकन लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावाने धमकावल्याबद्दलच, आणि ऑक्टोबर २०२३ च्या ऑपरेशन चक्र-२ मध्ये सीबीआयने टेक सपोर्टवाल्यांवर कारवाई केली ती मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून. धंदा आपल्याच गल्लीत चालतो.

घरी काय करून ठेवायचं

मी मामांकडे गेलो तेव्हा एवढं केलं. रोजच्या वापराचं खातं वेगळं काढलं, त्यात वीसएक हजारच ठेवायचे, मोठी रक्कम जिथे आहे त्या खात्याला यूपीआय आणि नेट बँकिंगच नाही. बाकी खात्याची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी केली. विंडोजवर रोजचं लॉगिन ॲडमिन नसलेलं केलं, म्हणजे कुठलंही ॲप खोलवर बसवायला पासवर्ड लागेल आणि तो माझ्याकडे. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं, त्याने सर्चमधले वरचे स्पॉन्सर्ड नंबर जवळजवळ दिसेनासेच झाले, मला हे सगळ्यात उपयोगी वाटतं. प्रिंटर, फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस, वीज, बँक, सगळ्यांचे खरे नंबर बिलांवरून शोधून फोनमध्ये 'खरा नंबर' असं आधी लावून सेव्ह केले.

आणि घरच्यांशी बोलताना "असं कसं केलंत तुम्ही" हे वाक्य गिळायचं. मीही पहिल्या दिवशी तेच बोललो होतो, मामांनी दोन दिवस लपवलं ते हे ऐकावं लागेल म्हणूनच. मामी तर अजून एटीएमचं कार्ड त्यांच्या हातात देत नाहीत, त्यावर माझा इलाज नाही.

प्रिंटरचं राहिलंच. तो ऑफलाइन होता कारण दिवाळीत मी त्यांचा राउटर बदलून दिला, वायफायला नवा पासवर्ड टाकला, आणि प्रिंटरला तो द्यायचा विसरलो.